जुन्या वाड्यात गरम पाण्याचा पाइप नेताना

थंडीच्या दिवसांत पहाटे गावात शिरावं, तर आधी धूर दिसतो. न्हाणीबाहेर तांब्याचा बंब पेटलेला असतो, शेजारी तुरकाट्यांचा भारा पडलेला असतो आणि घरातली एखादी बाई डोळे पुसत बंबाच्या नळीत गोवरीचे तुकडे टाकत असते. पाच-सहा माणसांच्या आंघोळी उरकेपर्यंत तिचा तास-दीड तास त्यातच जातो. ज्या शेणाचं खत होऊन रानात जायचं, ते धुरावाटे आभाळात जातं.

आता बऱ्याच घरांनी सौर बंब घेतले आहेत, म्हणजे उन्हावर पाणी तापवणारी टाकी. काहींनी विजेचा गिझर बसवला. १०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण ४ युनिट वीज लागते. तेच काम ऊन फुकटात करतं, म्हणून सौर बंबाकडे ओढा असणं साहजिक आहे. पण यंत्र विकत घेताना जेवढी चौकशी होते, तेवढी त्याच्या पाइपाची होत नाही. टाकी कुठे बसवायची हे विक्रेता सांगतो. तिथून न्हाणीपर्यंत पाणी कसं न्यायचं, हे मात्र फिटरच्या मर्जीवर राहतं. घर नवं, सिमेंट-विटांचं असेल तर निभावतं. घर दगड-मातीचं, माळवदाचं असेल तर चूक महागात पडते.

एका घरातली गोष्ट

सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात एका शेतकऱ्याचा जुना वाडा आहे. अडीच फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, वर माळवद, पुढे सोपा, मध्ये माजघर आणि मागे न्हाणी. रस्त्याच्या बाजूला एक नवी स्लॅबची खोली बांधलेली आहे. सौर बंब त्या स्लॅबवर बसला, ते बरोबरच झालं. पण न्हाणी घराच्या दुसऱ्या टोकाला. फिटरने माजघराच्या भिंतीत छिन्नीने आडवी खाच पाडली, १ इंची लोखंडी जीआय पाइप उघडाच त्यात बसवला आणि वरून सिमेंटचा गिलावा मारून टाकला. पाइप दिसत नाही, घर छान दिसतं, म्हणून सगळे खूश झाले.

पहिल्या थंडीत एकच तक्रार होती. नळ सोडला की आधी अर्धी बादली गार पाणी यायचं. ते मोरीत जायचं. दुसऱ्या वर्षी माजघरातला गिलावा खालून फुगला. आजींनी बोट लावून पाहिलं तर आतून माती ओली. आजींचं अंथरूण त्याच भिंतीला लागून असायचं. त्यांनी मुलाला सांगितलं, “भिंत आतनं भिजलीया. आधी माझं हांतरून हलवा, मग काय ते बघा.”

गिलावा फोडला तेव्हा पाइपाचा एक सांधा पाझरताना सापडला. आटे पाडलेल्या जागी जस्ताचा थर निघून गेलेला असतो, तिथेच गंज धरला होता. कित्येक महिने थेंब थेंब पाणी भिंतीच्या पोटात जात होतं. दगड जागेवर होते, पण त्यांच्यामधली माती विरघळून खाली बसली होती. आणखी एक पावसाळा गेला असता तर काय झालं असतं, ते सांगायला नको.

घरातले तात्या म्हणाले, “साहेब, पाण्यासाठी पैसे घातले आन् भिंत घालवायची पाळी आली.” त्या वाड्यात पुढे काय केलं ते ओघात येईलच. आधी यातून आपण सगळ्यांनी काय धडा घ्यायचा ते पाहू.

माळवदावर ओझे नको

१०० लिटरचा सौर बंब पाणी भरल्यावर, काच-पेटी आणि सांगाड्यासह दोनएक क्विंटलच्या आसपास भरतो. शिवाय गार पाण्याची टाकी त्याच्याहून उंच लागते. ती ५०० लिटरची धरली तर नुसत्या पाण्याचं वजन ५ क्विंटल होतं. माळवदाच्या तुळया आधीच मातीचा जाड थर पेलत असतात. त्यांची टोकं भिंतीत कुजलेली आहेत की वाळवीने पोखरलेली, हे वरून कळत नाही. त्यातच सांगाड्याचे पाय रोवायला माळवदाला भोक पाडलं, तर पावसाळ्यात तिथूनच गळती लागते.

तेव्हा बंब स्लॅबच्या खोलीवर बसवावा. स्लॅब नसेल तर न्हाणीजवळ जमिनीवर पाया घेऊन लोखंडी मनोरा उभारावा. काच-पेटीचं तोंड दक्षिणेकडे असावं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो, म्हणून दक्षिणेच्या बाजूला लिंबाचं झाड किंवा शेजारची भिंत आडवी येत नाही ना, हे डिसेंबरच्या उन्हाचा विचार करून ठरवावं. उन्हाळ्यातली सावली पाहून जागा ठरवली तर हमखास फसायला होतं.

जागा निवडताना दुसरी गोष्ट पाहावी ती न्हाणीच्या जवळिकीची. पाइप जेवढा आखूड, तेवढा पुढचा सगळा त्रास कमी.

भिंत कोरू नका

आपल्याकडची जुनी भिंत म्हणजे एकसंध दगड नव्हे. दोन्ही बाजूंना दगडांचे दोन पदर असतात आणि मध्ये माती व बारीक दगडगोट्यांची भर. भिंत उभी असते ती स्वतःच्या वजनावर आणि त्या मातीच्या पकडीवर. आडवी खाच पाडली की आतल्या पदराचे दगड सैल होतात. पाणी शिरलं की भर खाली बसते आणि पदर पोट काढतो.

हा नुसता बागुलबुवा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यांत हजारो माणसं गेली, ती मुख्यतः अशाच जाड दगड-मातीच्या भिंती आणि माळवदाचा भार अंगावर कोसळून. जी भिंत धडधाकट असतानाही धक्क्याला कमी पडते, ती आपल्याच हाताने आणखी दुबळी करणं शहाणपणाचं नाही.

म्हणून गरम पाण्याचा पाइप भिंतीच्या बाहेरून, पृष्ठभागावर न्यावा. दिसायला थोडा वाईट दिसतो, पण गळाला तर त्याच दिवशी कळतं. भिंतीतून आरपार जायचंच असेल तर आधीचा झरोका, धुराडं किंवा खिडकीच्या चौकटीवरची फट वापरावी. नवं भोक पाडावं लागलं तर एकच पाडावं. ते कोपऱ्यापासून आणि तुळईच्या टेकूपासून दूर असावं आणि दगडांच्या सांध्यातून हळूहळू काढावं. घण घालू नये.

त्या भोकात आधी ३ इंची पीव्हीसी पाइपाचा तुकडा बाहीसारखा बसवावा. त्याचा उतार बाहेरच्या बाजूला ठेवावा. गरम पाण्याचा पाइप आवरणासकट या बाहीतून न्यावा. उद्या सांधा पाझरलाच तरी पाणी भिंतीत न मुरता बाहेर ठिबकेल आणि दिसेल. भोकाच्या कडा माती किंवा चुन्याने भराव्यात. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल आतच कोंडते. गिलावा वरून कोरडा दिसतो आणि भिंत आत भिजत राहते, ती अशी.

चढ-उतार आला की हवा अडते

ठिबकच्या मुख्य लाइनवर उंचवट्याच्या जागी एअर व्हॉल्व्ह लावतात, हे शेतकऱ्यांना सांगायला नको. हवा साचली की पाणी अडतं. घरातल्या गरम पाण्याच्या पाइपाचंही तेच आहे. उलट इथे त्रास जास्त, कारण पाणी तापलं की त्यात विरघळलेली हवा सुटते आणि पाइपातल्या सर्वांत उंच जागी जाऊन बसते. वरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला दाबही थोडाच असतो. टाकी नळापासून १० फूट उंच असली तर दाब फक्त १० फूट पाण्याचा. अडलेली हवा ढकलायला तो पुरत नाही.

जुन्या घरात दारं ठेंगणी, चौकटी जाड. फिटर पाइप दारापर्यंत खालून आणतात, दारावरून कमानीसारखा चढवतात आणि पलीकडे परत उतरवतात. त्या कमानीत हवा अडकते. मग “टाकी भरलेली आहे, पण नळाला धार नाही” ही तक्रार सुरू होते. त्यावर उपाय एकच. टाकीपासून नळापर्यंत पाइपाला सलग उतार द्यावा. दारावरून न्यायचा असेल तर आधीपासूनच दाराच्या उंचीच्या वरून आणावा. चढ टळतच नसेल तर त्या उंच जागी एक बारीक उभी नळी काढून गार पाण्याच्या टाकीतल्या पातळीच्या वर न्यावी. बंबावर अशी हवेची नळी कंपनीने दिलेली असतेच. तिला कोणी बूच किंवा तोटी लावू नये. “पाणी सांडतंय” म्हणून ती बंद केलेली काही ठिकाणी पाहायला मिळते. ते धोक्याचं आहे.

आणखी एक. न्हाणीतला गार पाण्याचा नळ आणि बंब यांना पाणी एकाच टाकीतून द्यावं. गार नळ थेट मोटारीवर किंवा नळयोजनेवर जोडला आणि दोन्हींची मिक्सर तोटी बसवली, तर जास्त दाबाचं गार पाणी उलटं गरम पाइपात शिरतं.

पाइप किती जाड घ्यावा?

“मोठा घ्या, पाणी भरपूर येईल” हा सल्ला विहिरीच्या पाइपाला ठीक आहे. गरम पाण्याला तो उलटा पडतो. पाइप जेवढा जाड, तेवढं त्यात रात्रभर उभं राहून गार होणारं पाणी जास्त. जीआय पाइपाचा हिशेब असा आहे :

१० फूट लांबीत अर्धा इंची पाइपात सुमारे ६०० मिलिलिटर, पाऊण इंचीत १ लिटर १०० मिलिलिटर आणि १ इंचीत पावणेदोन लिटर पाणी मावतं.

वर सांगितलेल्या वाड्यात १ इंची पाइप ५५ फूट होता. म्हणजे साडेनऊ लिटर गार पाणी सांडल्याशिवाय गरम पाणी यायचं नाही. दिवसातून तीन वेळा अंतराने नळ सोडला तर महिन्याला साडेआठशे लिटर पाणी मोरीत. टँकरची वाट पाहणाऱ्या गावात हे परवडणारं नाही. त्यांनी नवी लाइन काढली ती घराच्या पश्चिम भिंतीच्या बाहेरून, पन्हाळीच्या धारेपासून बाजूला ठेवून, न्हाणीच्या जुन्या झरोक्यातून आत. लांबी ४० फूट, पाइप पाऊण इंची. आता साडेचार लिटर निघतं. तेही वाया जात नाही, पहिली धार भांड्यांच्या बादलीत घेतात.

एकाच नळासाठी आणि ३० ते ४० फुटांसाठी पाऊण इंची पाइप पुरतो. मुख्य लाइन पाऊण इंची ठेवून शेवटचे काही फूट अर्धा इंची केले तरी चालतं.

साधा पीव्हीसी पाइप गरम पाण्याला चालत नाही. तो मऊ पडतो, लोंबतो आणि सांध्यात सुटतो. स्वस्त पडतो म्हणून तो वापरू नये. जीआय किंवा सीपीव्हीसी वापरावा. सीपीव्हीसी गंजत नाही आणि पाइप स्वतः उष्णता कमी खातो. पण तो तापल्यावर चांगलाच वाढतो. ४० फूट सीपीव्हीसी पाइप ४० अंशांनी तापला तर सव्वा इंचाच्या जवळपास लांब होतो. जीआय त्याच उष्णतेला पाव इंचाच्या आसपास वाढतो. म्हणून सीपीव्हीसीच्या क्लॅम्पा आवळून बसवू नयेत. पाइप सरकू शकेल एवढ्या सैल ठेवाव्यात आणि लांब सरळ लाइनीत एखादं वळण द्यावं. सांध्यांना सीपीव्हीसीचंच सोल्युशन लावावं, पीव्हीसीचं नव्हे.

पाइपाचे पांघरूण

आता इन्सुलेशनबद्दल. पाइपावर बसणाऱ्या फोमच्या नळ्या बाजारात मिळतात, काही ठिकाणी काचलोकर वापरतात. काहीही घेतलं तरी ते काय करतं आणि काय करत नाही, हे समजून घ्यावं.

पांघरूण पाणी तापवत नाही, नुसती उष्णता बाहेर पडायला उशीर लावतं. थंडीच्या सकाळी उघड्या पाऊण इंची पाइपात उभं राहिलेलं ६० अंशांचं पाणी साधारण पाऊण तासात जेमतेम कोमट होतं. पाऊण ते एक इंच जाडीचं चांगलं पांघरूण असेल तर त्याच अवस्थेला यायला दोन-सव्वादोन तास लागतात. म्हणजे पहिली आंघोळ साडेपाचला आणि दुसरी सहाला असेल तर दुसऱ्याला पहिल्याच लोट्याला गरम पाणी मिळतं. मात्र रात्रभर उभं राहिलेलं पाणी पांघरूण असूनही पहाटेला गारच होणार. “इन्सुलेशन केलं तरी सकाळी आधी गार पाणी येतं, फिटरने फसवलं” असं म्हणू नये. तिथे पाइप आखूड आणि बारीक असणं हाच इलाज आहे.

पांघरूण घालताना या गोष्टी पाळाव्यात :

- आधी पाइप जोडून एक दिवस-रात्र भरून ठेवावा, गरम पाणीही सोडून पाहावं. सगळे सांधे कोरडे राहिले तरच आवरण चढवावं. आधी आवरण आणि मग तपासणी केली तर गळती झाकली जाते.
- कोपरे, सांधे, तोटीजवळचा भाग उघडा सोडू नये. उष्णता तिथूनच जाते.
- फोमच्या नळीची चीर खालच्या बाजूला ठेवून टेपने बंद करावी. चीर वर असली की पाऊस आत जातो. भिजलेलं इन्सुलेशन ओल्या गोधडीसारखं, ते ऊब देत नाही.
- बाहेरचा भाग ॲल्युमिनियमच्या पत्र्याने झाकावा. उघडा फोम उन्हाने दोन-चार वर्षांत भुगा होतो. आणि उंदीर तो कुरतडून बिळात नेतात.
- पोती, कडबा, भुसा गुंडाळू नये. पहिल्या पावसात ते भिजतं, मग वाळवी लागते. ती पाइपावरून थेट तुळईत जाते.

खारे पाणी

बोअरचं पाणी जड असेल तर तापल्यावर त्यातला क्षार पाइपाला आणि बंबाच्या तांब्याच्या नळ्यांना धरतो. चहाच्या भांड्याला पांढरा थर बसतो, तेच होतं. नळ्या बारीक होत जातात आणि पाणी तापेनासं होतं. विहिरीचं किंवा नळयोजनेचं गोडं पाणी असेल तर ते बंबाला द्यावं. जड पाण्यावाचून पर्याय नसेल तर हीट एक्स्चेंजर असलेला बंब मागावा आणि पाइपाचे सांधे दोन-तीन जागी युनियन लावून उघडता येतील असे ठेवावेत. खाच पाडून पुरलेला पाइप साफ करता येत नाही, हेही भिंतीबाहेरून लाइन नेण्याचं एक कारण आहे.

गोठ्यापर्यंत न्यावा का?

दुभती जनावरं असणारे हा प्रश्न नेहमी विचारतात. कास धुवायला कोमट पाणी आणि दुधाच्या किटल्या धुवायला गरम पाणी हवंच. दुधाची चिकटण गार पाण्याने निघत नाही. पण गोठा घरापासून ६०-७० फुटांवर असेल आणि दोन बादल्याच पाणी लागत असेल, तर पाइप नेऊ नये. पाऊण इंची ७० फूट पाइपात पावणेआठ लिटर पाणी उभं राहतं. दोन बादल्यांसाठी दर वेळी तेवढं सोडून द्यायचं, यापेक्षा झाकणाची बादली भरून नेणं बरं. जनावरं जास्त असतील तर गोठ्यालाच वेगळा छोटा बंब लावावा.

गावकारभाऱ्यांसाठी दोन शब्द

जुन्या इमारतीत भरणारी वसतिगृहं, अंगणवाड्या, दवाखाने यांना ग्रामपंचायत किंवा दाते सौर बंब देतात. अंदाजपत्रकात यंत्राचा खर्च असतो, पाइप आणि आवरणाचा नसतो. मग उरलेल्या पैशात उघडा पाइप ओढला जातो आणि दोन वर्षांत बंब शोभेचा होतो. अंदाजपत्रकात पाइपाची लांबी, जाडी, आवरण आणि त्यावरचा पत्रा हे वेगळे लिहावेत. काम झाल्यावर गरम पाणी सोडून, सांधे पाहूनच बिल द्यावं. लहान मुलं असतील तिथे ६० अंशांचं पाणी थेट अंगावर येणार नाही, याची काळजी घ्यावी. तेवढ्या पाण्याने काही सेकंदांत पोळतं. आधी गार, मग गरम, ही सवय लावावी.

आता त्या वाड्याचं. माजघराची भिंत गवंड्याने ओली माती काढून, दगड परत बसवून मातीतच भरून घेतली. सिमेंट लावलं नाही. पुढच्या हिवाळ्यात भिंत कोरडी राहिली आणि आजींचं अंथरूण परत जागेवर आलं. त्यांनी तांब्याचा बंब मात्र मोडीत काढू दिला नाही. “आभाळ आलं की तुमच्या उन्हाचं काय?” हा त्यांचा सवाल होता आणि तो बरोबर आहे. ढगाळ दिवसासाठी जुना बंब घासूनपुसून ठेवावा. रोजचं काम मात्र उन्हावर सोपवावं, आणि ते पाणी भिंतीला धक्का न लावता न्हाणीपर्यंत आणावं.